शेअर बाजाराचे जुने भाव फुकट मिळवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कुठे मिळतील?' हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर तसं सोपं आहे. खरे प्रश्न फाइल हातात आल्यावर सुरू होतात. या रकान्यातला आकडा नेमका कशाचा? तो कोणी बदललाय का? आणि या यादीत कोण कोण नाही? म्हणून इथे ठिकाणांपेक्षा या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे.

जुने भाव खरंच फुकट मिळतात, की शेवटी पैसे मोजावेच लागतात?

आज बाजारात असलेल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांचे रोजचे भाव फुकट मिळतात. रोजचे म्हणजे खुला भाव, दिवसाचा उच्चांक, नीचांक, बंद भाव आणि व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले तो आकडा). मोठ्या निर्देशांकांचंही तसंच. पैसे लागतात ते मुख्यतः तीन गोष्टींना: मिनिटामिनिटाचे जुने भाव, बाजारातून नाहीशा झालेल्या कंपन्यांचे भाव, आणि अमुक तारखेला निर्देशांकात कोण कोण होतं याची बिनचूक यादी. तुमच्या कामाला या तिन्हींची गरज नसेल तर खिशात हात घालू नका.

सुरुवात कुठून करू?

एकदोन शेअरचे भाव बघायचे असतील तर याहू फायनान्स पुरेसं आहे. कंपनीचं पान उघडा, 'हिस्टॉरिकल डेटा'वर जा, तारखा निवडा, तक्ता समोर येतो. त्या पानावरची फाइल उतरवून घ्यायची सोय २०२४ मध्ये पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली गेली. त्यामुळे जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत दाखवलेलं डाउनलोडचं बटण तुम्हाला चालत नसेल तर चूक तुमची नाही.

गूगल शीट्समध्ये 'गूगलफायनान्स' नावाचं फंक्शन आहे. त्याला टिकर (शेअरचं बाजारातलं छोटं चिन्ह), दोन तारखा आणि रोजचे की आठवड्याचे एवढं सांगितलं की भाव थेट शीटमध्ये उतरतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये त्याच कामाचं 'स्टॉकहिस्टरी' आहे. ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांना मी आधी या दोनच गोष्टी सुचवतो. फक्त एक लक्षात असू द्या: दोन्हींकडून येणाऱ्या भावांत लाभांशाचा हिशेब नसतो. त्याने काय फरक पडतो ते पुढे येईलच.

एकदम पुष्कळ शेअर हवे असतील तर पोलंडमधली स्टूक ही साइट पाहा. अनेक देशांचे शेअर, निर्देशांक आणि चलनं तिथे आहेत, आणि अख्ख्या बाजाराची फाइल एकगठ्ठा घेण्याची सोयही आहे.

त्यापेक्षा खुद्द एक्स्चेंजच्या साइटवरूनच का घेऊ नये?

जरूर घ्या. ज्या बाजारात सौदा झाला त्याच बाजाराने छापलेला आकडा हा मूळ कागद असतो, बाकी सगळ्या त्याच्या नकला. सोय मात्र बाजारागणिक वेगळी. नॅसडॅकच्या साइटवर प्रत्येक शेअरच्या पानावर सुमारे दहा वर्षांपर्यंतचे भाव फाइलच्या रूपात मिळतात. भारतातली एनएसई बाजार बंद झाल्यावर रोज एक फाइल टाकते. तिला भावकॉपी म्हणतात, आणि त्या दिवशी ज्यांचे सौदे झाले ते सगळे शेअर तिच्यात एकत्र असतात.

अशा रोजच्या फाइलींचा एक मोठा गुण सहसा कोणी सांगत नाही. त्या त्या दिवशी जी कंपनी बाजारात होती ती त्यात आहेच, मग ती नंतर बुडालेली का असेना. याउलट 'कंपनी निवडा आणि तिचे जुने भाव पाहा' अशा साइटवर आज शिल्लक असलेल्या कंपन्याच दिसतात. कष्ट एवढेच की शेकडो फाइली जोडून प्रत्येक शेअरची मालिका तुम्हाला स्वतः बांधावी लागते, आणि त्यातले भाव कच्चे असतात. स्प्लिट (एका शेअरचे अनेक करणं) किंवा बोनस (धारकांना फुकट जादा शेअर) झाला असेल तर तो हिशेब तुमच्यावर.

'क्लोज' आणि 'ॲडजस्टेड क्लोज' यांत फरक काय?

या पानावरचा एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

अ‍ॅपलचं उदाहरण घेऊ. शुक्रवार २८ ऑगस्ट २०२० ला अ‍ॅपलचा शेअर ४९९.२३ डॉलरवर बंद झाला. सोमवारी ३१ ऑगस्टला तो १२९.०४ डॉलरवर बंद झाला. नुसते हे दोन आकडे पाहिले तर शेअर एका दिवसात ७४ टक्के पडला असं वाटेल. प्रत्यक्षात त्या सोमवारी एका शेअरचे चार झाले होते. ४९९.२३ ला चारने भागलं की १२४.८१ येतात, म्हणजे भाव खरं तर ३.४ टक्के वाढला. हा फरक काढून टाकण्यासाठी डेटा देणारे लोक स्प्लिटच्या आधीचे सगळे भाव चारने भागून ठेवतात. अ‍ॅपलचे आजवर पाच स्प्लिट झाले: १९८७, २००० आणि २००५ मध्ये एकाचे दोन, २०१४ मध्ये एकाचे सात, २०२० मध्ये एकाचे चार. गुणाकार २२४ होतो. म्हणून १२ डिसेंबर १९८० ला २२ डॉलरला विकायला आलेला हा शेअर आजच्या तक्त्यांत दहा सेंटच्या आसपास दिसतो. त्या काळी तो दहा सेंटला कोणालाही मिळत नव्हता.

आता लाभांश. समजा शेअर काल १०० वर बंद झाला आणि आज तो २ च्या लाभांशाशिवाय व्यवहाराला आला, म्हणजे आज विकत घेणाऱ्याला तो लाभांश मिळणार नाही. दुसरं काही घडलं नाही तरी भाव ९८ च्या आसपास उघडेल. धारकाचं काही गेलेलं नाही, दोन रुपये किंवा डॉलर त्याच्या खात्यात येणार आहेत. म्हणून 'ॲडजस्टेड क्लोज' काढताना त्या तारखेच्या आधीचे सगळे भाव ०.९८ ने गुणले जातात. लाभांश देणाऱ्या शेअरमध्ये असे गुणक एकावर एक चढत जातात आणि वीस वर्षांपूर्वीचा समायोजित भाव प्रत्यक्ष भावाच्या खूप खाली जातो.

घोळ होतो तो नावांमुळे. याहूच्या तक्त्यात 'क्लोज' या रकान्यातही स्प्लिटचा हिशेब आधीच झालेला असतो, लाभांशाचा तेवढा नसतो. 'ॲड क्लोज'मध्ये दोन्ही असतात. म्हणजे खरोखरचा कच्चा भाव, त्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलेला, त्या तक्त्यात कुठेच नाही. दुसऱ्या एखाद्या साइटवर 'क्लोज' म्हणजे अगदी कच्चा भाव असेल. त्यामुळे रकान्याच्या नावावर विसंबू नका. स्प्लिट झालेला एक दिवस शोधा आणि तिथे आकडा उडी घेतो का ते पाहा. दोन मिनिटांत कळतं.

गेल्या वर्षी उतरवलेली फाइल आणि आजची फाइल जुळत नाही. कोणती खरी?

दोन्ही खऱ्या, आपापल्या दिवशी. समायोजित भाव आजपासून मागे मोजत जातात. कंपनीने नवा लाभांश दिला की मागची प्रत्येक ओळ किंचित खाली सरकते. म्हणजे हा इतिहास दर तिमाहीला नव्याने लिहिला जातो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी मी तीसेक शेअरच्या समायोजित भावांची फाइल जपून ठेवली होती, आणि दर महिन्याला फक्त नवे दिवस तिच्या शेवटी जोडत होतो. वर्षभराने हिशेब मांडला तेव्हा त्यातले काही शेअर जोडाच्या दिवशी एकदम खाली घसरल्यासारखे दिसले. एका शेअरचा मध्यंतरी स्प्लिट झाला होता, तो तर कोसळलेला दिसत होता. सगळी मांडणी त्या खोट्या उड्यांवर उभी होती, आणि दोन महिन्यांचं काम परत करावं लागलं. तेव्हापासून समायोजित मालिका मी कधीच जोडत नाही. दरवेळी पहिल्यापासून पूर्ण उतरवतो.

मग वापरायचे कोणते, कच्चे की समायोजित?

परतावा मोजायचा असेल तर समायोजित. शंभर गुंतवले असते तर आज किती झाले असते, या प्रश्नाला दुसरा कोणताही रकाना खरं उत्तर देत नाही.

पण 'भाव अमुक रकमेच्या खाली असेल तर घेऊ नये' असा नियम तपासत असाल तर त्या दिवशीचा प्रत्यक्ष भाव लागेल. वर पाहिलेल्या अ‍ॅपलचे १९८० च्या दशकातले समायोजित भाव सेंटांत आहेत. असा नियम लावला तर एक भक्कम कंपनी 'चिल्लर शेअर' म्हणून गाळली जाईल, आणि तीही पुढे होणाऱ्या स्प्लिटमुळे, जे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. भाव आणि प्रति शेअर नफा यांचं गुणोत्तर काढतानाही हीच काळजी घ्या: दोन्ही आकडे एकाच पायावर हवेत.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे कच्चे भाव एका फाइलीत आणि स्प्लिट-बोनस-लाभांश यांच्या तारखा दुसऱ्या फाइलीत ठेवणं. समायोजित भाव त्यातून हवे तेव्हा काढता येतात. उलटा प्रवास मात्र घटनांच्या यादीशिवाय होत नाही. स्प्लिट आणि लाभांशाच्या तारखा बहुतेक कंपन्यांच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पानावर मिळतात.

निर्देशांकांचे भाव किती मागे मिळतात?

खूप मागे. फक्त प्रत्येक मालिकेच्या पोटात काहीतरी दडलेलं असतं.

एस अँड पी ५०० चे रोजचे आकडे याहूवर डिसेंबर १९२७ पासून दिसतात. पण पाचशे कंपन्यांचा निर्देशांक सुरू झाला ४ मार्च १९५७ ला. त्याआधीची ओळ नव्वद कंपन्यांच्या जुन्या निर्देशांकाची आहे. शिवाय सुरुवातीच्या दशकांत खुला, उच्चांक, नीचांक आणि बंद या चारही रकान्यांत एकच आकडा आहे आणि व्हॉल्यूम शून्य. दिवसभरातली चढउतार मोजायला ती वर्षं उपयोगाची नाहीत. डाउ जोन्स २६ मे १८९६ ला १२ कंपन्यांनिशी सुरू झाला, पहिला आकडा ४०.९४. त्याची लांब मालिका स्टूकवर आहे.

अमेरिकेच्या सेंट लुइस फेडरल रिझर्व्हचा फ्रेड हा साठा फार नीटनेटका आहे आणि फाइल एका क्लिकवर मिळते. पण तिथे एस अँड पी ५०० आणि डाउ यांचे फक्त शेवटच्या दहा वर्षांचे आकडे ठेवायची परवानगी आहे. नॅसडॅक कंपोझिट मात्र १९७१ पासून आणि जपानचा निक्केई २२५ मे १९४९ पासून पूर्ण मिळतो. निक्केईची ती मालिका प्रत्येकाने एकदा तरी आलेखावर काढून पाहावी. २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५.८७ वर बंद झालेला निर्देशांक ती पातळी पुन्हा ओलांडतो तो थेट २२ फेब्रुवारी २०२४ ला. दहा-पंधरा वर्षांच्या डेटावर बांधलेले आडाखे किती अपुरे असतात ते त्या एका रेषेत दिसतं.

येल विद्यापीठातले रॉबर्ट शिलर (२०१३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी) अमेरिकी बाजाराची १८७१ पासूनची मासिक फाइल सगळ्यांसाठी खुली ठेवतात. भाव, लाभांश, नफा आणि महागाईचा निर्देशांक, सगळं एकत्र. फुकट मिळणाऱ्या डेटात यापेक्षा मोलाचं मला काही सापडलेलं नाही. पण त्यातला महिन्याचा भाव म्हणजे महिनाअखेरचा भाव नव्हे, तर महिन्यातल्या रोजच्या बंद भावांची सरासरी. ऑक्टोबर १९८७ च्या आकड्यात बाजार कोसळण्याआधीचे चांगले दिवसही मिसळलेले आहेत. त्यामुळे त्या फाइलीवरून चढउतार मोजले तर ते प्रत्यक्षापेक्षा कमी भरतात.

याहून मागे जायचं असेल तर येलच्याच इंटरनॅशनल सेंटर फॉर फायनान्सकडे न्यूयॉर्कच्या बाजाराचे १८१५ ते १९२५ आणि लंडनच्या बाजाराचे १८६९ ते १९२९ असे दोन साठे खुले आहेत. छापील पानांवरून माणसांनी बसून टिपलेले हे आकडे आहेत. त्यांत गाळलेल्या जागा असणारच.

निर्देशांकात लाभांश धरलेला असतो का?

सहसा नाही. बातम्यांत दिसणारे बहुतेक निर्देशांक नुसत्या भावांचे असतात. जर्मनीचा डॅक्स हा ठळक अपवाद. त्याचा प्रचलित आकडा लाभांश पुन्हा गुंतवला असं धरून काढलेला असतो. त्यामुळे डॅक्स आणि एस अँड पी ५०० एकाच आलेखावर ठेवून 'जर्मनी किती पुढे, अमेरिका किती मागे' असा निष्कर्ष काढणं चूक. तुलना करायची तर दोन्हींच्या 'टोटल रिटर्न' मालिका शोधा. निर्देशांक चालवणाऱ्या संस्थांच्या साइटवर त्या बऱ्याचदा मिळतात.

बुडालेल्या किंवा विकल्या गेलेल्या कंपन्यांचे भाव का सापडत नाहीत?

कारण फुकट साइट आज कोण बाजारात आहे ते पाहून यादी बनवतात. एनरॉनने २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, लेहमन ब्रदर्सने १५ सप्टेंबर २००८ ला. त्याआधी दोन्ही बाजारातली नामांकित नावं होती. आजच्या यादीवरून वीस-पंचवीस वर्षांचा अभ्यास केलात तर या दोन्ही कंपन्या तुमच्या जगात कधी नव्हत्याच.

परिणाम साधा आहे: प्रत्येक डावपेच प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. 'पडलेले शेअर विकत घ्या' हा डावपेच तर विशेषच. पडून पुन्हा उठले तेवढेच यादीत शिल्लक आहेत, पडले ते पडलेच असे गळून गेलेले आहेत. याला जगल्या-वाचल्यांचा पक्षपात म्हणता येईल, आणि फुकट डेटाची ही सर्वांत मोठी उणीव आहे. शिकागो विद्यापीठात १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीआरएसपी या केंद्राचा १९२६ पासूनचा साठा अभ्यासक प्रमाण मानतात, कारण त्यात गेलेल्या कंपन्याही आहेत. तरी त्यातसुद्धा वाईट कारणांनी बाजारातून काढल्या गेलेल्या अनेक शेअरचा शेवटचा तोटा नोंदलेला नव्हता, हे टायलर शमवे यांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. विकत घ्यायच्या साठ्याची ही गत, तर फुकट यादीकडून अपेक्षा बेतानेच ठेवावी.

घरबसल्या करता येण्यासारखे उपाय तीन. रोजच्या बाजार फाइली मिळत असतील तर त्यांवरून स्वतः मालिका बांधा. निर्देशांकातल्या कंपन्या तपासत असाल तर विकिपीडियावर एस अँड पी ५०० मध्ये कोण आलं, कोण गेलं याचा तक्ता आहे. जुन्या वर्षांसाठी तो अपुरा आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. आणि तिसरा, मला सर्वांत आवडणारा: एकेका शेअरऐवजी केनेथ फ्रेंच यांच्या डेटा लायब्ररीतले तयार गट वापरा. डार्टमथमधले हे प्राध्यापक सीआरएसपीच्या साठ्यावरून कंपन्यांचे आकारानुसार, मूल्यांकनानुसार, उद्योगानुसार गट करून त्यांचे जुलै १९२६ पासूनचे परतावे फुकट देतात. बुडालेल्या कंपन्या त्या गटांच्या हिशेबात आधीच आलेल्या असतात. 'लहान कंपन्या दीर्घ काळात जास्त देतात का' यासारख्या प्रश्नाला वेगळी फाइल शोधण्याची गरजच उरत नाही.

टिकर तोच, पण मागचे भाव विचित्र दिसतात. असं का?

टिकर ही कायमची ओळख नाही. न्यूयॉर्कमध्ये 'सी' हे एकच अक्षर १९९८ पर्यंत क्रायस्लर या मोटार कंपनीचं होतं, त्यानंतर ते सिटीग्रुपला मिळालं. फेसबुकने ९ जून २०२२ ला 'मेटा' हा टिकर घेतला, तो त्याआधी एका ईटीएफचा (शेअरसारखा बाजारात विकला जाणाऱ्या फंडाचा) होता. डेटा देणाऱ्याने जोड नीट घातला नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांचे भाव एकाच रेषेत येतात. शक्य असेल तिथे आयएसआयएन या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकावरून ओळख पटवा, आणि कंपनी कधीपासून बाजारात आहे ते एकदा स्वतंत्रपणे पाहून घ्या.

मिनिटामिनिटाचे भाव फुकट मिळतील का?

ताजे मिळतील, जुने नाही. याहूकडून एका मिनिटाचे भाव साधारण शेवटच्या महिन्याभरातले, तेही सातसात दिवसांच्या तुकड्यांत मिळतात. तासाभराचे सुमारे दोन वर्षांचे. आजपासून रोज थोडे थोडे साठवायला लागलात तर वर्षभराने तुमचा स्वतःचा साठा तयार होईल.

पायथन येतं. एपीआय (प्रोग्रामला थेट डेटा मागवता येईल अशी सोय) कोणता घेऊ?

बहुतेक जण वायफायनान्स या लायब्ररीने सुरुवात करतात आणि ते ठीकच आहे. पण ती याहूची अधिकृत सेवा नाही, याहूच्या पानांमागचे आकडे उचलणारी स्वयंसेवकांची निर्मिती आहे. याहूने आपला जुना एपीआय २०१७ मध्ये बंद केला, त्यानंतर अशा मार्गांची गरज पडली. याहूने आत काही बदललं की तुमचा प्रोग्राम एका सकाळी चालेनासा होतो. अलीकडच्या आवृत्त्यांत ती न सांगता समायोजित भाव देते, आधी तसं नव्हतं. म्हणून समायोजन हवं की नको ते प्रत्येक वेळी स्पष्ट लिहा.

अल्फा व्हँटेज फुकट किल्ली देते, पण दिवसाला २५ विनंत्या एवढीच मर्यादा आहे आणि रोजचे समायोजित भाव पैसे भरणाऱ्यांसाठी आहेत. अशा मर्यादा बदलत राहतात, त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी त्यांचं पान पाहा.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फुकट सेवा बंद पडतात. क्वांडल या डेटा सेवेवर स्वयंसेवकांनी सांभाळलेला सुमारे तीन हजार अमेरिकी कंपन्यांचा 'विकी' साठा होता. किती तरी जणांचे अभ्यास त्यावर उभे होते. २०१८ मध्ये तो अद्ययावत होणं थांबलं, त्याच वर्षी नॅसडॅकने क्वांडल विकत घेतली. आयईएक्स क्लाउड ही डेटा सेवा ३१ ऑगस्ट २०२४ ला बंद झाली. म्हणून दरवेळी इंटरनेटवरून नव्याने मागवण्यावर काम उभं करू नका. एकदा आलेली फाइल आपल्या डिस्कवर ठेवा.

मिळालेली फाइल बरोबर आहे हे कसं ओळखू?

ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा दिवस विचारा. १९ ऑक्टोबर १९८७ ला डाउ ५०८ अंकांनी म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडून १,७३८.७४ वर बंद झाला. एस अँड पी ५०० त्या दिवशी २२४.८४ वर बंद झाला. तुमच्या फाइलीत हे आकडे नसतील तर पुढे जाऊ नका.

मग तारखा पाहा. न्यूयॉर्कचा बाजार ३१ जुलै १९१४ पासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर तो १७ तारखेला उघडला. १९५२ पर्यंत तिथे शनिवारीही काही तास सौदे होत, त्यामुळे जुन्या फाइलीत शनिवार दिसले तर ते काढून टाकू नका. आणि १९६८ च्या उत्तरार्धात कागदपत्रांचा ढीग उपसायला बाजार बुधवारी बंद ठेवत असत. त्या काळातल्या बुधवारी भाव दिसला तर कोणीतरी रिकामी जागा आदल्या दिवसाच्या आकड्याने भरून काढली असण्याची शक्यता आहे. मला ही शेवटची चाचणी फार उपयोगी पडली आहे. डेटा नुसता जमवलाय की समजून जमवलाय, ते तिथे कळतं.

भावांच्या आकड्यांतही खुणा असतात. अमेरिकेत १९९७ पर्यंत भाव आठव्या हिश्श्यात आणि नंतर सोळाव्या हिश्श्यात सांगत. दशांश पद्धत सगळीकडे लागू झाली एप्रिल २००१ मध्ये. म्हणून १९९० चा कच्चा भाव ४२.१२५ असणं स्वाभाविक आहे, पण ४२.१७ असेल तर तो समायोजित तरी आहे किंवा चुकीचा. याशिवाय उच्चांक नीचांकापेक्षा कमी असलेल्या ओळी, शून्य भाव, एकाच तारखेच्या दोन ओळी आणि एका दिवसात निम्मा किंवा दुप्पट झालेला भाव एवढं प्रोग्रामने शोधून एकेक डोळ्याखालून घाला. सगळ्याच विचित्र ओळी चूक नसतात. ६ मे २०१० च्या दुपारी अमेरिकी बाजार काही मिनिटांसाठी कोसळला तेव्हा ॲक्सेंचरचा शेअर एका सेंटला विकला गेला. असे बरेच सौदे नंतर रद्द झाले, पण काही साठ्यांत त्यांचा माग राहून गेलेला असतो.

शेवटी, दोन वेगळ्या ठिकाणांची मालिका एकमेकींशेजारी लावा. जिथे त्या जुळत नाहीत तेवढेच दिवस तपासायचे.

एक्सेलमध्ये उघडल्यावर तारखा बिघडतात.

अमेरिकी फाइलीत महिना आधी असतो. तुमचा संगणक दिवस आधी मानत असेल तर बारा तारखेपर्यंतचे दिवस उलटे वाचले जातात आणि तेराव्यापासून तारखा नुसता मजकूर बनतात. फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता 'डेटा' टॅबमधून आणा आणि तारखेचा क्रम सांगा. युरोपातल्या काही फाइलींत दशांशासाठी स्वल्पविराम आणि रकान्यांमध्ये अर्धविराम असतो, तोही तिथेच सांगता येतो. आणि एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही. डाउची १८९६ ची सुरुवात म्हणूनच मजकूर होऊन बसते.

हा डेटा माझ्या साइटवर किंवा ॲपमध्ये दाखवू शकतो का?

स्वतःच्या अभ्यासासाठी वापरणं आणि पुढे वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक साइटच्या अटींत पुनर्वाटपाला मनाई असते, कारण त्यांनी स्वतः तो एक्स्चेंजकडून परवान्यावर घेतलेला असतो. काढलेले निष्कर्ष आणि आलेख मांडायला सहसा अडचण येत नाही. अख्खी फाइल चढवायची असेल तर लेखी परवानगी घ्या. कॅगलसारख्या डेटा वाटण्याच्या साइटवर लोकांनी चढवलेल्या फाइली वापरतानाही मूळ कुठलं ते लिहिलेलं आहे का ते पाहा. लिहिलेलं नसेल तर मी ती फाइल घेत नाही.

उतरवलेल्या फाइलीबरोबर काय काय लिहून ठेवू?

कुठून घेतली, कोणत्या तारखेला घेतली, भाव कच्चे की स्प्लिटचे की लाभांशासह समायोजित, चलन कोणतं, टिकर आणि आयएसआयएन, आणि तुम्ही हाताने काय बदललं ते तारखेसह. मी हे त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो. मूळ फाइल 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवतो आणि दुरुस्त्या नकलेत करतो.